मुलांच्या सुरक्षेसाठी सगळ्यांचे मेसेज तपासावेत का?

तुम्ही एकदम दोन प्रश्न विचारलेत. पहिला पालक समितीतल्या वादाचा: मुलांवर ऑनलाइन अत्याचार करणारे सापडावेत म्हणून मेसेजिंग ॲपचं एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेज परक्याला वाचता येऊ नये म्हणून लावलेलं गणिती कुलूप, कायद्याने उघडायला लावावं का? तुमच्या समितीतले निम्मे पालक म्हणतात, "ज्याने काही केलं नाही त्याने कशाला घाबरायचं?" उरलेले म्हणतात, "आज मुलांचं नाव घेऊन आत शिरतील, उद्या सगळंच वाचतील." दुसरा प्रश्न घरचा: तेरा वर्षांच्या मुलीच्या फोनमध्ये तिला न सांगता पाळत ठेवणारं ॲप टाकावं का? याचं उत्तर आधी देऊन टाकतो: टाकू नका. का, ते पुढे येईल. पहिल्या प्रश्नाला जरा वेळ लागेल.

मी बरीच वर्षं मेसेजिंग सेवांच्या सुरक्षा विभागांत काढली आहेत. सुरुवातीला एन्क्रिप्शनच्या बाजूला होतो, नंतर तक्रारी हाताळणाऱ्या बाजूला आलो. या दोन्ही बाजूंची माणसं एकाच कॅन्टीनमध्ये जेवतात आणि एकमेकांविषयी फारसं बरं बोलत नाहीत. एकांना वाटतं, पलीकडच्यांना मुलांचं काही पडलेलं नाही. दुसऱ्यांना वाटतं, पलीकडच्यांना गणित येत नाही. किती खासगीपणा सोडला म्हणजे किती सुरक्षा पदरात पडेल, असा हिशेब मांडला की दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर ठरतात आणि निर्णय काही होत नाही. म्हणून कुठलाही उपाय समोर आला की मी आधी विचारतो, हा नेमका कोणता गुन्हा, कुठल्या टप्प्यावर थांबवणार? त्यासाठी कोणाला काय दिसावं लागेल? आणि हीच यंत्रणा उद्या दुसऱ्याच्या हातात गेली तर ती आणखी कशाकशासाठी वापरता येईल?

'मुलांची ऑनलाइन सुरक्षा' या एका नावाखाली निरनिराळे गुन्हे एकत्र कोंबले जातात. एखाद्या मुलावरच्या अत्याचाराचा जुना फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतो. कुठे अत्याचार आज घडतोय आणि त्याचं नवं चित्रण पसरतंय. कुठे अनोळखी माणूस गोड बोलून मुलाला नादी लावतो आणि मग ब्लॅकमेल करतो. या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे, आणि चर्चेत बहुतेक गोंधळ होतो तो एकाचा उपाय दुसऱ्यावर चालवण्याने.

जुन्या फोटोंवरचा उपाय चांगला आहे आणि बऱ्याच काळापासून वापरात आहे. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ कॉलेजचे प्राध्यापक हॅनी फरीद यांनी फोटोडीएनए नावाचं तंत्र तयार केलं. फोटो ठरावीक आकारात आणून कृष्णधवल करायचा, त्याचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात उजेड-अंधार कसा बदलतो ते मोजायचं आणि त्या मोजमापांतून आकड्यांची एक माळ बनवायची. हिला हॅश म्हणतात. नेहमीचा हॅश एक पिक्सेल इकडचा तिकडे झाला तरी पार बदलतो. हा तसा बदलत नाही. फोटोचा आकार बदलला, तो पुन्हा सेव्ह केला, रंग थोडे हलवले, तरी माळ जवळपास तीच राहते. बालसंरक्षण संस्थांनी आधीच पाहून खात्री केलेल्या फोटोंच्या हॅशची यादी कंपन्यांना मिळते. कोणी फोटो अपलोड केला की त्याचा हॅश यादीशी ताडला जातो. जुळला नाही, तर तो फोटो कोणी माणूस उघडूनही बघत नाही.

कंपनीच्या सर्व्हरवर जे उघड्या रूपात येतं, म्हणजे सार्वजनिक पोस्ट, प्रोफाइल फोटो, एन्क्रिप्ट न केलेली साठवण, तिथे ही तपासणी व्हावी या मताचा मी आहे. खासगीपणाच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या काही मित्रांना हेही खटकतं. त्यांना मी एवढंच विचारतो: त्या फोटोतल्या मुलाच्या खासगीपणाचं काय? ते मूल आता मोठं झालं असेल, नोकरी करत असेल, आणि त्याचा तो फोटो आजही कोणीतरी कोणाला तरी पाठवतंय. या वादात सगळ्यात जास्त खासगीपणा गमावलेली व्यक्ती तीच आहे.

इथे आकड्यांविषयी थोडं विषयांतर करतो, कारण तुमच्या समितीत कोणीतरी ते फेकणारच. अमेरिकेत १९९८ पासून सायबरटिपलाइन नावाची यंत्रणा आहे. अमेरिकी कंपन्यांना मुलांवरच्या अत्याचाराचं साहित्य आढळलं तर तिथे कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. शोधत फिरणं मात्र बंधनकारक नाही. २०२३ मध्ये तिथे सुमारे ३ कोटी ६२ लाख अहवाल आले. २०२४ मध्ये २ कोटी ५ लाख. हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणी म्हणेल, गुन्हे घटले. दुसरा म्हणेल, फेसबुकच्या मेसेंजरने डिसेंबर २०२३ पासून सगळ्यांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (कंपनीलाही मेसेज वाचता येत नाही असं) द्यायला सुरुवात केली, म्हणून गुन्हे दिसेनासे झाले. दोन्ही अर्धवट आहे. २०२४ पासून एकाच व्हायरल घटनेचे अनेक अहवाल एकत्र बांधण्याची सोय झाली. ते सुटे मोजले तर आकडा २ कोटी ९२ लाख घटनांपर्यंत जातो. म्हणजे घट दिसते तेवढी नाही. पण घट आहे, आणि तिच्यात एन्क्रिप्शनचा वाटा आहे, हे एन्क्रिप्शनवाल्यांनी मान्य करायला हवं. ज्या संभाषणात कंपनीला काहीच दिसत नाही, तिथे कंपनी काहीच कळवू शकत नाही. ही किंमत खरी आहे आणि ती लपवून वाद जिंकण्यात अर्थ नाही.

आता मधला, खरा अवघड भाग. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधल्या सर्व्हरवर हॅश ताडायला फोटोच नसतो. त्यावर तोडगा असा निघाला की तपासणी सर्व्हरवर करायचीच नाही, फोनवरच करायची, कुलूप लागण्याच्या आधी. युरोपीय आयोगाने मे २०२२ मध्ये जो कायदा सुचवला, त्यावरचं भांडण याच मुद्द्यावर आहे. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी ॲक्टमध्येही तशी सक्ती करता येईल असं कलम आहे. ते मंजूर होण्याआधी सरकारने संसदेत सांगितलं की तंत्रज्ञानाच्या दृष्टीने शक्य होईल तेव्हाच ते वापरलं जाईल. अधिकार ठेवला, वापर पुढे ढकलला.

हे प्रत्यक्ष करून बघण्याच्या सगळ्यात जवळ ॲपल गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आयक्लाउड या त्यांच्या ऑनलाइन साठवणीत चढणारे फोटो फोनवरच यादीशी ताडले जातील, सुमारे ३० फोटो जुळल्याशिवाय कंपनीला काहीच कळणार नाही, आणि निर्दोष खातं चुकून अडकण्याची शक्यता वर्षाला एक लाख कोटींत एक इतकी कमी असेल. कागदावर रचना सुरेख होती. मी ती बारकाईने वाचली, आणि गणितात फारसं खुसपट काढता येईना. पण काही आठवड्यांतच संशोधकांनी ॲपलची हॅश बनवायची पद्धत फोनमधून शोधून काढून, दोन अगदी वेगळ्या चित्रांचा हॅश एकच येईल अशी चित्रं बनवून दाखवली. त्याहून मोठा आक्षेप यादीविषयी होता. फोनला कळत नाही की यादीत काय आहे. त्याला फक्त आकडे दिसतात. आज त्या आकड्यांत अत्याचाराचे फोटो आहेत. उद्या एखाद्या सरकारने निषेधाचं पोस्टर किंवा बंदी घातलेल्या पुस्तकाचं पान त्यात घातलं तर फोन तेही तितक्याच इमानदारीने शोधेल. अनेक नामवंत संगणकशास्त्रज्ञांनी हाच मुद्दा मांडला आणि डिसेंबर २०२२ मध्ये ॲपलने योजना सोडून दिली.

"पण न्यायालयाची परवानगी घेऊनच वापरलं तर?" हे मला हमखास विचारलं जातं. त्यासाठी ग्रीसचं उदाहरण बघा. तिथल्या एका मोबाइल कंपनीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पोलिसांना कायदेशीर परवानगीने फोन ऐकता यावेत यासाठीची सोय होती. २००४-०५ मध्ये कोणीतरी आत शिरून तीच सोय गुपचूप चालू केली आणि पंतप्रधानांसह सुमारे शंभर जणांचे फोन कित्येक महिने ऐकले. २०२४ मध्ये अमेरिकेत हेच घडलं. चीनशी संबंध जोडल्या गेलेल्या हॅकरांनी टेलिफोन कंपन्यांमधल्या कायदेशीर टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत मजल मारली, आणि त्यानंतर तिथल्याच सरकारी अधिकाऱ्यांनी लोकांना एन्क्रिप्टेड मेसेजिंग वापरायचा सल्ला दिला. दार कोणासाठी ठेवलंय हे दाराला ठाऊक नसतं. आणि त्या दारातून मुलांचेही मेसेज जातात, हे विसरू नका. त्यांचे फोटो, त्यांचा पत्ता, शाळेतून निघायची वेळ.

म्हणून माझं मत: आधीच ओळखीच्या फोटोंची तपासणी जिथे कंपनीला मजकूर दिसतो तिथे जरूर करावी, पण ती सोय प्रत्येकाच्या फोनमध्ये बसवण्याची सक्ती करू नये.

नवं चित्रण आणि मेसेजमधला मजकूर शोधण्याची गोष्ट याहून कठीण. तिथे यादीच नसते. यंत्राला फोटो बघून अंदाज करावा लागतो की यात मूल आहे का, ते काय करतंय. किंवा शब्द वाचून ठरवावं लागतं की हा मोठा माणूस मुलाला फूस लावतोय का. एक हिशेब करू. समजा एका सेवेवर दिवसाला १०० कोटी फोटो जातात आणि यंत्र हजारात फक्त एकदा चुकतं. ऐकायला उत्तम. दिवसाला १० लाख निर्दोष फोटो संशयित ठरले. त्यात आंघोळ करणारं बाळ असेल, अंगावर उठलेलं पुरळ असेल, दोन किशोरवयीन मुलांनी आपसात पाठवलेलं काहीतरी असेल. हे सगळं आता कोणीतरी परकी माणसं डोळ्यांनी बघणार. मुलांचे खासगी फोटो परक्यांनी बघू नयेत म्हणून उभारलेली यंत्रणा ते रोज लाखोंनी परक्यांपुढे मांडणार.

हे नुसतं कागदावरचं नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतली एक घटना बातम्यांत आली होती. लहानग्या मुलाच्या गुप्तांगाला सूज आली म्हणून वडिलांनी डॉक्टरांना दाखवायला फोटो काढला. तो आपोआप गूगलच्या साठवणीत गेला, यंत्राने तो पकडला, खातं बंद झालं, पोलीस तपास लागला. पोलिसांनी काही गुन्हा नाही असं स्पष्ट केलं. तरीही गूगलने खातं परत दिलं नाही. वर्षानुवर्षांची ईमेल, फोटो, फोन नंबर सगळं गेलं. यंत्र चुकणारच, ते मला समजतं. मला खटकतं ते हे की चूक सिद्ध झाल्यावरही परत जायची वाट नव्हती. कुठल्याही तपासणीच्या कायद्यात अपिलाची पक्की सोय नसेल तर तो कायदा मी वाचायचाच थांबतो.

आणि सापडलेल्या संशयितांचं पुढे काय होतं? एप्रिल २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सायबरटिपलाइनचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की पोलिसांकडे इतके अहवाल येतात आणि त्यांतले इतके अर्धवट असतात की कोणत्या अहवालामागे आत्ता धोक्यात असलेलं मूल आहे हे त्यांना ओळखता येत नाही. माहितीचा तुटवडा नाही. ती चाळायला माणसं नाहीत. त्या ढिगावर यंत्राने टिपलेले आणखी लाखो संशयित ओतले तर धोक्यातलं मूल लवकर सापडेल की उशिरा, हे समितीत विचारून बघा. प्रशिक्षित तपास अधिकारी, बालमानसोपचारतज्ज्ञ, डिजिटल फोरेन्सिकची साधनं यांवर खर्च करा असं म्हटलं की सभागृहात टाळ्या पडत नाहीत. नव्या तंत्रज्ञानाची सक्ती जाहीर केली की पडतात.

आता तुमच्या मुलीच्या वयाच्या मुलांना आज सगळ्यात जास्त काय होतं त्याकडे येतो. तक्रारींच्या बाजूला काम करताना सेक्सटॉर्शनची, म्हणजे नग्न फोटो पसरवायची धमकी देऊन पैसे किंवा आणखी फोटो उकळण्याची, प्रकरणं मी पाहिली. पैशांसाठी होणाऱ्या प्रकारात बहुतेक वेळा चौदा ते सतरा वर्षांचे मुलगे सापडतात. मुलींकडून पैशांऐवजी आणखी फोटो मागितले जातात. रीत ठरलेली असते. इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी त्याच वयाच्या मुलीच्या नावाने फॉलो रिक्वेस्ट येते. आपल्या शाळेतले दोन-चार जण तिला आधीच फॉलो करत असतात, म्हणून ती खरी वाटते. थोडं बोलणं होतं. मग "इथे नको, दुसऱ्या ॲपवर ये." मग पलीकडून एक फोटो येतो आणि "आता तुझा." मुलाने पाठवला की सूर तत्क्षणी बदलतो. त्याच्याच फॉलोअरच्या यादीचा स्क्रीनशॉट समोर येतो: आई, मावशी, वर्गमित्र, क्रीडाशिक्षक. खाली पैशांची मागणी आणि उलटी मोजणी. पहिल्या 'हाय'पासून धमकीपर्यंत हे काही तासांत, कधी त्याहूनही कमी वेळात होतं, आणि बहुधा रात्री, घरातले झोपल्यावर. या प्रकारात मुलांनी जीव दिल्याच्या घटना घडल्या आहेत, म्हणून हे खुलेपणाने लिहितो आहे.

या साखळीत मेसेज वाचण्याची गरज कुठे पडली? जवळजवळ कुठेच नाही. अनोळखी माणसाला मुलाची फॉलोअर यादी दिसली नसती, तर धमकीतला दम गेला असता. अनोळखी खात्याला मुलाला मेसेजच करता आला नसता, तर सुरुवातच झाली नसती. एका दिवसात शेकडो किशोरवयीन मुलांना रिक्वेस्ट पाठवणारं, काल उघडलेलं खातं वागण्यावरूनच ओळखू येतं. त्यासाठी त्याने काय लिहिलंय ते बघावं लागत नाही. नग्न फोटो येतोय किंवा जातोय हे फोन स्वतः ओळखून तो धूसर करू शकतो, "पाठवायचाय का? कोणी दबाव टाकतंय का?" असं विचारू शकतो, आणि हे कोणालाही न कळवता करू शकतो. ॲपलने अशी सोय डिसेंबर २०२१ पासून दिली आहे. इन्स्टाग्रामने १६ खालच्यांची नवी खाती २०२१ पासून मुळातच खासगी ठेवली, आणि त्यांच्या जुन्या खात्यांना ते लावायला सप्टेंबर २०२४ मध्ये सुरुवात केली. माझ्या मते हे फार उशिरा झालं. मुलांची खाती सुरुवातीपासून बंद दाराची असावीत हे कळायला एवढी वर्षं लागायला नको होती. पण उघड्या खात्यांनी ओळखी वाढतात, ओळखींनी वापर वाढतो, वापराने जाहिराती. मुलांच्या खासगीपणाचं नुकसान इथे सरकारच्या नव्हे, धंद्याच्या बाजूने झालं.

दुसरा भक्कम आधार म्हणजे तक्रार. मुलाने स्वतः मेसेज रिपोर्ट केला तर एन्क्रिप्शन मोडत नाही, कारण मेसेज मिळालेली व्यक्तीच तो दाखवते आहे. व्हॉट्सॲपवर एखाद्याची तक्रार केली की त्याच्याकडून आलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. कोणी खोटा मेसेज बनवून निरपराध्याला अडकवेल अशी शंका असते. त्यावरही उपाय आहे: प्रत्येक मेसेजला आतून एक गणिती शिक्का असतो, सर्व्हरला मजकूर दिसत नाही पण तो शिक्क्यावर आपली खूण करून पुढे पाठवतो, आणि तक्रार आली की मजकूर शिक्क्याशी जुळतो का हे तपासता येतं. स्टॅनफर्डच्याच एका पाहणीत ऑनलाइन सेवांना विचारलं होतं की गैरवापर पकडायला सगळ्यात उपयोगी काय. जवळपास प्रत्येक प्रकारच्या गैरवापरासाठी उत्तर आलं, वापरकर्त्यांच्या तक्रारी. ठळक अपवाद बाल अत्याचाराच्या साहित्याचा. तिथे आपोआप होणारी तपासणी वरचढ. हे उत्तर मला फार बोलकं वाटतं. ओळखीच्या फोटोंसाठी हॅश हवाच, आणि मुलांना नादी लावण्याच्या प्रकारात मूल बोलेल अशी व्यवस्था हवी.

मुलं तक्रार का करत नाहीत, यावर मात्र कंपन्या फारसा विचार करत नाहीत. रिपोर्टचं बटण तीन मेनूंच्या आत. त्यापुढे प्रौढांच्या कायद्याच्या भाषेतली यादी. "आपली तक्रार मिळाली" एवढंच उत्तर, मग शांतता. एका सेवेत आम्ही यादीत 'माझे फोटो पसरवायची धमकी देतोय' हा साध्या शब्दांतला पर्याय वर आणावा म्हणून किती बैठका घेतल्या ते सांगत नाही. विरोध कोणाचाच नव्हता. प्राधान्यही कोणाचंच नव्हतं.

वयाची पडताळणी हा सध्याचा गाजणारा विषय. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्यांना समाज माध्यमांवर खाती ठेवायला बंदी केली. ती १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाली आणि दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत आहे. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून अश्लील साइटवर वय सिद्ध करावं लागतं. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने १८ खालच्या सगळ्यांना मूल धरून पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. शिवाय मुलांचा माग काढणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यावर बंदी घातली आहे. या कायद्यातला हा दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा जास्त कामाचा वाटतो. सतरा वर्षांच्या मुलीला प्रत्येक ॲपसाठी आईवडिलांची परवानगी लागावी, हे कुठल्या घरांत चालेल आणि कुठल्या घरांत ती मुलगी गप्पच बसेल, याचा विचार त्यात दिसत नाही.

मूल कोण हे ठरवायचं तर प्रौढ कोण हेही सिद्ध करावं लागतं, म्हणजे कागदपत्रं सगळ्यांचीच. ती जातात कुठे? ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या चॅट सेवेने सांगितलं की त्यांचं ग्राहकसेवेचं काम पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीत घुसखोरी झाली आणि सुमारे ७०,००० जणांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असावेत. ती ओळखपत्रं लोकांनी वयाविषयीच्या तक्रारींसाठी पाठवली होती. करायचंच असेल तर रचना उलटी हवी. वय एकदा विश्वासू ठिकाणी तपासलं जावं, फोनला फक्त "१६ पूर्ण" एवढाच दाखला मिळावा, साइटला तो दाखला दिसावा पण नाव-जन्मतारीख दिसू नये, आणि दाखला देणाऱ्याला तो कुठे वापरला हे कळू नये. गणिताने हे शक्य आहे. युरोपीय संघ अशा ॲपच्या नमुन्यावर काम करतो आहे. तुमच्या समितीने वयाच्या पडताळणीला पाठिंबा द्यायचा ठरवला तर निदान एवढी अट घाला, की ओळखपत्राचा फोटो साठवायचा नाही.

आता घर. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या १९ व्या कलमात मुलाला हिंसेपासून संरक्षण दिलं आहे आणि १६ व्या कलमात खासगी आयुष्यात मनमानी ढवळाढवळ होणार नाही याचं. एकाच कागदावर दोन्ही. कारण संरक्षणासाठीच मुलाला खासगी जागा लागते. मुलांवर अत्याचार करणारे बहुतेकदा त्यांच्या ओळखीतले असतात, कधी त्याच घरातले. अशा मुलाने मैत्रिणीला किंवा हेल्पलाइनला पाठवलेला मेसेज वडिलांच्या फोनवर दिसला तर काय होईल? ॲपलच्या नग्न फोटोंच्या सोयीत सुरुवातीला १३ खालच्या मुलांच्या पालकांना आपोआप कळवायचा विचार होता. याच कारणाने तो आक्षेपानंतर काढला गेला.

तुमच्या घरात अर्थातच तसं काही नाही. तरीही गुपचूप ॲप नको. ती ॲप मुलीचे मेसेज, फोटो, ठिकाण सगळं तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर नेतात, आणि अशा कंपन्यांचा डेटा फुटल्याच्या घटना एकदा नव्हे, अनेकदा घडल्या आहेत. उघडपणे वापरल्या जाणाऱ्या ॲपचंही बघा: कुटुंबाचं ठिकाण दाखवणाऱ्या लाइफ३६० या लोकप्रिय ॲपकडून लोकांच्या ठावठिकाण्याची माहिती डेटा दलालांना विकली जात होती, हे २०२१ मध्ये बाहेर आलं. आणि मुलीला ते सापडलं (तेरा वर्षांच्या मुलांना सापडतं), तर ती दुसरा फोन किंवा दुसरं खातं शोधेल. त्यानंतर सेक्सटॉर्शनच्या त्या रात्री ती तुमच्याकडे येणार नाही. हा धोका मला बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो.

त्याऐवजी उघडपणे करता येण्यासारखं पुष्कळ आहे. खातं खासगी करा, फॉलोअर यादी लपवा, मेसेज फक्त ओळखीच्यांकडून, ठिकाण बंद, रात्री फोन खोलीबाहेर. हे तिच्यासोबत बसून करा आणि प्रत्येक सेटिंगचं कारण सांगा. नवीन ॲप हवं असेल तर तुम्हाला विचारायचं, हा नियम तेरा वर्षांच्या मुलीला चालतो. सतराव्या वर्षी तो सैल करावा लागेल. तिच्या चॅट वाचायच्या नाहीत, हे तुमच्याकडून कबूल करा. फक्त एक अपवाद आधीच सांगून ठेवा: जीवाला धोका वाटला तर बघेन, आणि बघितलं तर तुला सांगेन.

आणि वाईट घडलंच तर काय करायचं ते तिला आजच सांगा, घडल्यावर नाही. पैसे द्यायचे नाहीत, कारण पैसे दिल्यावर मागणी थांबत नाही, वाढते. आणखी फोटो तर नाहीच. चॅट पुसून टाकायचा नाही. त्या खात्याचं नाव, पैसे मागितलेला नंबर, धमकीचा मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. त्यानंतर पोलिसांची सायबर शाखा. फोटो आधीच गेला असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे, सायबरटिपलाइन चालवणाऱ्याच संस्थेची. त्यात फोटो कोणाला पाठवावा लागत नाही. मुलीच्याच फोनवर त्याचा हॅश बनतो, फक्त तो आकडा यादीत जातो, आणि सहभागी कंपन्या त्यावरून फोटो शोधून काढतात. एन्क्रिप्टेड चॅटमध्ये तो पोचत नाही, ही तिची मर्यादा. पण ज्या तंत्राची मी वर तक्रार केली, तेच इथे मुलाच्या हातात आहे आणि मुलाच्या इच्छेने चालतं.

समितीत ठराव करायचाच असेल तर एन्क्रिप्शन तोडण्याच्या बाजूने किंवा विरोधात, असा करू नका. तो मंजूर होऊनही काही होणार नाही. मुलं जी ॲप वापरतात त्यांच्या कंपन्यांना लिहा: अल्पवयीन खात्यांना अनोळखी व्यक्तीचा मेसेज जाता कामा नये, फॉलोअर यादी बाहेरच्याला दिसता कामा नये, रिपोर्टचं बटण चॅटमध्येच हवं आणि मुलाच्या तक्रारीला माणसाने ठरावीक तासांत उत्तर द्यायला हवं. किती तास, ते तुम्ही ठरवा. मी असतो तर सेक्सटॉर्शनसाठी एकच तास लिहिला असता.